हिलाल एकटाच पुढे गेला

"मला एक माइक द्या आणि त्या दोन गोऱ्यांना घरी पाठवा!"

लोटूआप्पा महाजनांनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांच्या एका हातात पंक्चर झालेली ट्यूब होती आणि दुसऱ्या हातात चहाची बशी. समोर दुकानाच्या फळीवर चारपाच जण बसले होते. सगळे लूमच्या खात्यातून पहिली पाळी संपवून आलेले, कानात अजून मागांची खडखड. त्यामुळे निम्म्यांना आप्पा काय म्हणाले ते ऐकूच आलं नाही. पण आप्पांना त्याची गरज नव्हती. आप्पांना स्वतःला ऐकू आलं की पुरे.

डिंडोलीत आप्पांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मूळ गाव अमळनेरकडचं, सुरतेत येऊन बावीस वर्षं झालेली. सत्त्याण्णव सालच्या जुलैत केबलवर एक नवीनच प्रकार दिसायला लागला. फ्रान्समधली सायकल शर्यत! रोज संध्याकाळी, तीन आठवडे. आप्पांनी पहिल्या दिवशी पाहिली आणि त्यांना जेवण गेलं नाही. दीडशे सायकली एका झुंडीत, एकमेकींना जेमतेम हातभर लांब, आणि चेनचा आवाज असा की तेल आजच सकाळी घातलंय!

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांचं लक्ष चित्रावरून आवाजाकडे गेलं आणि डोकं फिरलं.

"दोघं बसलेत बोलायला. एक सांगणारा, एक जाणकार. सांगणारा काय सांगतो? किल्ला दिसला की किल्ल्याचं सांगतो, द्राक्षाचा मळा दिसला की मळ्याचं सांगतो. इकडे माणूस चढावर जीव तोडतोय, त्याचा गिअर अडकलाय, मला इथून दिसतंय, आणि हा हसतोय! आणि तो जाणकार? तो नुसता 'येस, येस' करतो. मान हलवायला आणलाय, नंदीबैलासारखा!"

"आप्पा, तुम्हाला इंग्रजी येतं?" दत्तूने विचारलं.

"भाषेचा प्रश्नच नाही! आवाजावरून कळतं. ज्याची पोटरी दुखली नाही कधी, त्याचा आवाज असा लांबूनच येतो."

खरं सांगायचं तर आप्पांच्या बोलण्यात काहीतरी होतं. आणि ते केबलवाल्या चेतनच्या कानावर गेलं. पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या केबलवाल्याने रोज दुपारी नवा सिनेमा दाखवायला सुरुवात केली होती आणि चेतनचे लोक तिकडे सरकायला लागले होते. त्याला काहीतरी वेगळं हवंच होतं. त्याने आपल्या गच्चीवरच्या खोलीत गणपतीतला माइक आणला, त्या चॅनेलच्या आवाजाची वायर उपटली, तिथे माइकची वायर खोचली आणि म्हणाला, "चला आप्पा, बोला. पण थोडं शुद्ध बोला हां. टीव्ही आहे."

पहिले तीन दिवस आप्पांनी डिंडोली गाजवली!

नावं वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी शर्यतीतल्या माणसांना घरची नावं दिली. पिवळा सदरा घातलेला तो सरपंच. जो दिवसभर दुसऱ्यांच्या पाठीमागे वाऱ्याचा आडोसा घेऊन बसायचा आणि शेवटी पंगत बसायच्या वेळेला पुढे यायचा, तो जावई. "पुढचा वारा खातो, मागचा आराम खातो," असं त्यांनी सांगितलं, तेव्हा ज्यांनी जन्मभर सायकल चालवली होती त्यांनाही वाटलं, अरे, हे आपल्याला माहीत होतं, पण कुणी म्हटलं नव्हतं. बायका भाकऱ्या थापता थापता जावयाला शिव्या घालायला लागल्या.

एक उंच, काटकुळा गडी होता. मान खाली घालून चालवायचा आणि त्याचा उजवा गुडघा दर पायडलला बाहेर फेकला जायचा. त्याला पाहिल्याबरोबर आप्पांच्या तोंडून नाव गेलं. हिलाल.

खरा हिलाल पाटील त्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. कामरेजला लूमच्या खात्यात मास्टर, म्हणजे मागांवरचा मुकादम होता आणि रोज हायवेने सायकलवरून जायचा-यायचा. तो आणि आप्पा एका गावचे, एकाच गाडीने सुरतेला आलेले, एकाच खोलीत चार वर्षं राहिलेले. पण गेली पंधरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. कारण आप्पा कुणालाही सांगायचे. गणपती मंडळाची सायकल शर्यत होती, कामरेजच्या पुलापासून डिंडोलीपर्यंत. दोघांचं ठरलं होतं, शेवटी बरोबर यायचं, कप दोघांचा. अर्ध्या वाटेत आप्पांची चेन पडली आणि हिलालने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. गेला निघून! कप अजून त्याच्या घरात आहे.

हिलालने यावर कधी काही सांगितलं नाही. त्याला माइक दिला असता तरी त्याने सांगितलं नसतं. तसाच माणूस होता तो.

चौथ्या दिवसापासून आप्पांचं थोडं बिघडलं. दिसतं तेवढं सांगून संपायला लागलं आणि वेळ उरायला लागला. मग जे दिसत नाही तेही ते सांगायला लागले. "सरपंचाची बायको माहेरी गेलीय, म्हणून आज पाय चालत नाहीत." "जावयाला काल रात्री जेवण बाधलंय." तपासायला फ्रान्सला कोण जाणार?

"जे दिसतं ते सांगा, नाहीतर गप्प बसा," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या आप्पांच्या बायको, पण त्यांनी अजून एकदाही शर्यत पाहिली नव्हती. त्या वेळेला त्यांचा स्वयंपाक असायचा.

"माणसाला गप्प बसायला माइक देत नाहीत!" आप्पा म्हणाले.

त्यात चेतनने एक जाणकारही आणून बसवला. रघुनाथमास्तर. मराठी शाळेत कवायत शिकवायचे. मास्तरांची पद्धत अशी, की काही झालं की ते खोल आवाजात सांगायचे, हे होणारच होतं. कुणी पडला, तर तो पडणारच होता. नाही पडला, तर त्याच्या पडण्याचा प्रश्नच नव्हता. आप्पांना मास्तर फार आवडले.

त्या शुक्रवारी डोंगरातला टप्पा होता.

हिलालची आई, जिला सगळी गल्ली जिजी म्हणायची, एरवी टीव्हीच्या वाटेला जात नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. तिला टीव्ही म्हणजे नुसता एक हलणारा उजेड. पण त्या दिवशी गुडघा धरला होता म्हणून ती घरातच पडून होती. सून नूतन भाजीला निघाली. जाताना तिने टीव्ही लावून दिला. "जिजी, लोटूआप्पा बोलतात बघा यात. ऐका, तेवढाच वेळ जाईल."

जिजीने थोडा वेळ ऐकलं आणि तिचा डोळा लागला.

आणि तिकडे, घाट सुरू झाल्यावर, तो काटकुळा गडी अचानक उभा राहिला आणि झुंडीतून निसटला!

आप्पा खुर्चीतून उठले. चेतनने सांगितलेलं शुद्ध मराठी त्या क्षणी संपलं आणि आतली अहिराणी उसळून बाहेर आली.

"गया! गया रे! हिलाल गया! एकलाच गया! कोनले सांगं नही, इचारं नही! मांगे वळीसन बी दखं नही! आते तो काय हातमा येत नही! गया रे मना हिलाल!"

जिजी दचकून उठली. घरात कोणी नाही. अंधुक उजेड हलतोय आणि त्यातून लोटूचा आवाज येतोय, तोच लोटू, ज्याने पंधरा वर्षांत हिलालचं नाव रागाशिवाय घेतलं नव्हतं. आणि तो ओरडतोय, रडवेल्या आवाजात.

तिने कान तिकडे लावला. तेवढ्यात दुसरा एक गंभीर आवाज आला.

"हे होणारच होतं," रघुनाथमास्तर म्हणाले. "सकाळपासून त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. असं एकदम होत नाही. अवघड आता त्यांचं आहे, जे मागे राहिले."

जिजीने जो हंबरडा फोडला तो शेजारच्या मालतीबाईंच्या घरात कुकरच्या शिट्टीवरून ऐकू गेला.

मालतीबाई धावत आल्या. "काय झालं जिजी?"

"मना हिलाल गया वो माय!"

"कोणी सांगितलं?"

"टीव्हीवर सांगं!"

आता टीव्हीवर सांगितलं म्हटल्यावर मालतीबाई काय बोलणार! त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि ओट्यावर येऊन समोरच्या घरात हाक मारली, "अहो दत्तूभाऊ, हिलालभाऊ गेले म्हणतात, खरं आहे का?"

दत्तू टीव्हीला चिकटून बसला होता. मान न वळवता तो आतून ओरडला, "हो! गेला ना! मी स्वतः पाहिलं! बाकीचे सगळे नुसते बघत राहिले!"

झालं. जे शर्यत पाहत होते ते टीव्हीपुढून उठले नाहीत, आणि बाकीची चाळीस माणसं पाच मिनिटांत ओट्यावर जमली. कुणी विचारलं, कसा गेला? कुणी म्हणालं, कामरेजहून सायकलवर येत असेल. मग ट्रकच असणार, असं तिसरा म्हणाला. चौथ्याच्या तोंडी तो ट्रक राजस्थानचा झाला, आणि पाचव्याने ड्रायव्हर पळाल्याचंही सांगितलं. तेही सगळे त्या संध्याकाळी, न दिसलेल्या गोष्टीचं वर्णनच करत होते, आणि आप्पांपेक्षा बरं करत होते. नूतन भाजीची पिशवी घेऊन वळणावर आली, दारापुढची गर्दी पाहिली, आणि कुणी काही बोलायच्या आत रस्त्यातच खाली बसली. टोमॅटो गटारापर्यंत घरंगळत गेले. एक जण एसटीडी बूथवर पळाला आणि चलथाणला तिच्या भावाला फोन लावून आला.

प्रमिलाबाई कणकेच्या हाताने चेतनच्या गच्चीवरच्या खोलीत शिरल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"अहो, हिलालभाऊ गेले!"

"माहीत आहे!" आप्पा माइकवर हात ठेवून म्हणाले. "मीच तर सांगितलं!"

"तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही इथे बसलात?"

"मग कुठे बसू? इथूनच तर दिसतंय!"

"काय माणूस आहात तुम्ही! जिजीने टाहो फोडलाय. नूतन रस्त्यात पडलीय. कामरेज रोडला ट्रकने उडवलं हो त्यांना! सगळी गल्ली रडतेय, आणि तुम्ही..."

आप्पांचा चेहरा आधी कोरा झाला. मग त्याच्यावरून रंग उतरत गेला, भिंत ओली झाल्यावर चुना उतरतो तसा. ही बातमी आपल्याच तोंडून निघाली, गल्लीला वळसा घालून आपल्याकडेच परत आली, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. येणार कसं? कामरेज रोड खरा होता, हिलालची सायकल खरी होती, ट्रक तर रोजचेच होते. आणि सगळी गल्ली सांगत होती.

माइकवरचा त्यांचा हात आपोआप निघाला.

"मास्तर," ते म्हणाले, "मी खोटं सांगत आलो."

रघुनाथमास्तरांनी, हे होणारच होतं असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"चेन माझी पडली होती. सायकलवाला मी, आणि माझीच चेन! आदल्या दिवशी काढून धुतली, परत बसवताना चाक मागे नीट ओढलं नाही, ती ढिली राहिली. हिलालने मागे पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नाही, फिरून परत आला होता माझ्याजवळ. मीच म्हणालो, तू जा. मला वाटलं, हा जाणार नाही. म्हणेल, राहू दे तो कप, चल चालत जाऊ. तो गेला. मी सांगितलं म्हणून गेला! आणि मी आल्यावर सगळ्यांना काय सांगितलं? पंधरा वर्षं सांगतोय. तिथे पाहायला दुसरं कोणी नव्हतं ना. मी सांगेन तीच शर्यत."

पडद्यावर तो काटकुळा गडी घाटमाथ्याला पोचला होता. दोन्ही बाजूंनी माणसं ओरडत होती, ओरडणं ऐकू येत नव्हतं. डिंडोलीत त्या वेळी तो टप्पा कोण जिंकला हे कुणालाही कळलं नाही. आप्पा पडद्याकडे पाठ करून बसले होते आणि डोळे पुसत होते.

"भला माणूस होता. माझ्यापेक्षा जोरात चालवायचा. हे पण मी कधी बोललो नाही."

हे सगळं घराघरांतल्या टीव्हीतून गल्लीत येत होतं. आणि गल्लीच्या तोंडाशी, पानाच्या टपरीजवळ, पंक्चर झालेली सायकल हातात धरून हिलाल उभा होता. आधी त्याला कुणी पाहिलंच नाही. सगळे आवाज ऐकत होते. तो शेवटपर्यंत उभा राहिला, असं टपरीवाल्याने नंतर सांगितलं. मग सायकल ढकलत घराकडे आला, आणि त्याच्यापुढची गर्दी फाटत गेली. मालतीबाईंनी मोठ्याने रामाचं नाव घेतलं. दत्तू घरात पळाला.

जिजीने दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं. नाक, मिशी, घामाचं कपाळ. मग तिने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"कोठे मरी गयेल व्हता रे इतला येळ!"

नूतन हसता हसता रडली. टोमॅटो कुणीतरी गोळा करून आणून दिले.

थोड्या वेळाने गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजली. आप्पांनी वर पाहिलं आणि खुर्चीसकट मागे सरकले. मास्तर उभेच राहिले. चेतनने आधी माइकची वायर उपटली, आणि त्या आठवड्यात त्याने केलेलं ते एकमेव शहाणपणाचं काम होतं.

हिलाल दारात उभा होता. चिखलाने पँट गुडघ्यापर्यंत भरलेली.

"चाक नीट ओढलं नव्हतंस, हे मला तेव्हाच दिसलं होतं," तो म्हणाला.

आप्पांनी डोळे पुसले आणि त्याच्याकडे पुन्हा नीट पाहिलं.

"मग बोलला का नाहीस?" ते म्हणाले.

"तुझं दुकान नवीन होतं. सायकलवाल्याचीच चेन पडते म्हटल्यावर कोण आलं असतं तुझ्याकडे?"

आप्पा उठले. दोन पावलं पुढे आले आणि थांबले. हिलालला हात लावावा की नाही, हे त्यांना कळेना.

"आणि एक चुकीचं सांगितलंस," हिलाल म्हणाला. "मी एकदा नाही, दोनदा मागे पाहिलं. दुसऱ्यांदा तू खाली बसला होतास. तेव्हा थांबायला पाहिजे होतं. ते राहिलंच."

दोघं खाली उतरले. गल्लीत पोचले आणि समोरून एक टेम्पो आला. चलथाणहून नूतनचा भाऊ, अकरा माणसं, पांढरं कापड, नारळ, सगळी तयारी. भाऊ उतरला, आणि पहिला हात त्याने ज्याच्या खांद्यावर सांत्वनाला ठेवला तो हिलालच होता. "काय हो झालं हे!" असं म्हणून त्याने मान वर केली, आणि पुढचा अर्धा तास त्याला पाणी पाजण्यात गेला.

त्या अकरा माणसांना उपाशी पाठवणं शक्य नव्हतं. प्रमिलाबाईंनी खिचडी टाकली आणि आप्पांकडे नुसतं पाहिलं. त्या संध्याकाळी डिंडोलीने पाहिलं, की गावातला पहिला मराठी सायकल समालोचक ओट्यावर उकिडवा बसून राखेने भांडी घासतोय. पातेली धुऊन पालथी घालायला शेजारी हिलाल.

दुसऱ्या दिवशी चेतनने जुनी वायर परत खोचली. ते दोघे गोरे पुन्हा आले आणि किल्ल्यांबद्दल बोलायला लागले. कुणी तक्रार केली नाही. रघुनाथमास्तरांनी मात्र शाळेत सांगितलं की हे असं होणार, हे आपण पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

शर्यतीच्या शेवटच्या दिवशी जिजीने निरोप पाठवला, लोटूला बोलवा.

आप्पा घाबरतच गेले. हिलाल, नूतन, सगळे टीव्हीपुढे बसलेले. जिजीने खाटेवर आपल्या शेजारची जागा थोपटली.

"आठे बठ. माले सांग काय चाली राहिनं ते. हाऊ गोरा काय बोलस, माले काय समजत नही. आनि आवाज हळू ठेव."

आप्पा बसले. आवाज नूतनने बारीक केला आणि ती चहा टाकायला आत गेली. आप्पांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि मग हळूहळू, कुणाला झोपेतून उठवायचं नाही अशा बेताने, सांगायला सुरुवात केली.

"शहर आहे मोठं. रस्ता दगडी. झाडं आहेत दोन्ही बाजूंना, एका मापाची कापलेली. शंभर-सव्वाशे जण चाललेत, लांब रांग झालीय. ऊन आहे."

"सर्वास्ना मांगे कोन शे?"

"एक जण आहे. निळा सदरा. कोपराला पट्टी बांधलीय."

"तो काबर मांगे राहिना?"

आप्पांनी तोंड उघडलं. त्याचं जेवण, त्याची बायको, त्याचं माहेर, सगळं ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"माहीत नाही, जिजी."

"त्यानी माय शे का?"

"माहीत नाही."

"आनि जितनार कोन?"

"ते पण माहीत नाही."

जिजीने मोतीबिंदूचे डोळे त्यांच्याकडे वळवले. मग तिने अगदी मनापासून, कसलाही खवचटपणा न ठेवता विचारलं,

"मंग इतला दिन तठे बठीसन तू सांगत काय व्हता रे?"

स्वयंपाकघरात नूतनच्या हातून काहीतरी पडलं. हिलाल खोकायला लागला. आप्पांनी उत्तरासाठी आशेने पडद्याकडे पाहिलं. तिथे जाहिरात लागली होती.